जॉन वेस्ली

जॉन वेस्ली (जन्म : १७ जून, इ.स. १७०३, एपवर्थ, लिंकनशायर. मृत्यू : २ मार्च, इ.स. १७९१, लंडन) हे अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मगुरू, प्रवचनकार, लेखक आणि मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक होते. जन्मतारीख त्या वेळी इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या जुन्या दिनदर्शिकेनुसार आहे. आपले बंधू चार्ल्स वेस्ली आणि सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्यासह त्यांनी इंग्लंडमधील धार्मिक पुनरुज्जीवनाचे नेतृत्व केले. ते अखेरपर्यंत चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू राहिले. त्यांनी स्थापन केलेल्या मंडळ्यांतून मात्र पुढे स्वतंत्र मेथडिस्ट चर्च उदयास आले.

मनुष्याचे तारण केवळ विश्वासाने होते की त्यासाठी सत्कृत्येही आवश्यक आहेत, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जुना प्रश्न वेस्ली यांच्या आयुष्याच्या केंद्रस्थानी होता. तरुणपणी त्यांनी कठोर आचरणातून तारणाची खात्री मिळवण्याचा प्रयत्न केला. १७३८मध्ये ते केवळ विश्वासाने तारण या मताकडे वळले. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे, विश्वासाच्या नावाखाली सत्कृत्ये निरर्थक ठरवणाऱ्यांशी त्यांचा वाद चालू राहिला.

पार्श्वभूमी

बायबलच्या नव्या करारात या प्रश्नाविषयी वरवर पाहता परस्परविरोधी वाटणारी दोन विधाने आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल सांगतो, की मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोबाच्या पत्रात मात्र मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनीही नीतिमान ठरतो आणि कृतींवाचून विश्वास निर्जीव आहे, असे प्रतिपादन आहे. विशेष म्हणजे दोघेही आपल्या म्हणण्यासाठी अब्राहामाचेच उदाहरण देतात.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी विश्वासानेच नीतिमान ठरण्याच्या तत्त्वाला धर्मसुधारणेचा पाया मानले. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेत रोमन कॅथलिक चर्चने ल्यूथर यांची मांडणी अमान्य केली. कृपेशिवाय तारणाचा आरंभ होत नाही, परंतु कृपा लाभलेल्या मनुष्याच्या सत्कृत्यांनी त्याची नीतिमत्ता वाढते, असे या परिषदेचे म्हणणे होते. चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ धर्मकलमांपैकी अकरावे कलम विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयी आहे. सत्कृत्ये ही खऱ्या विश्वासाची फळे आहेत, असे बारावे कलम सांगते. वेस्ली यांच्या काळी ही कलमे अधिकृतपणे मान्य होती. व्यवहारात मात्र सदाचरण आणि चर्चची नियमित उपस्थिती म्हणजेच धर्म, अशी सर्वसाधारण समजूत होती.

बालपण आणि शिक्षण

जॉन हे सॅम्युएल व सुझॅना वेस्ली या दांपत्याच्या १९ अपत्यांपैकी पंधरावे होते. यांपैकी अनेक मुले बालपणीच दगावली. सॅम्युएल हे एपवर्थ येथील धर्मगुरू होते. कुटुंब सदैव कर्जात असे. १७०५मध्ये कर्ज न फेडल्यामुळे सॅम्युएल यांना लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात राहावे लागले. मुलांचे प्रारंभिक शिक्षण सुझॅना यांनी घरीच केले. अभ्यास, प्रार्थना व आत्मपरीक्षण यांसाठी ठराविक वेळ देण्याची सवय जॉन यांना आईकडून लागली.

९ फेब्रुवारी १७०९ रोजी रात्री धर्मगुरूंच्या निवासाला आग लागली. पाच वर्षांचे जॉन वरच्या मजल्यावर अडकले होते. छत कोसळण्यापूर्वी शेजाऱ्यांनी खिडकीतून त्यांची सुटका केली. देवाने आपल्याला काही विशेष कार्यासाठी वाचवले, ही भावना पुढे त्यांच्या मनात दृढ झाली.

१७१४मध्ये त्यांना लंडनच्या चार्टरहाउस शाळेत घालण्यात आले. १७२०मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात प्रवेश घेतला. १७२५मध्ये त्यांना डीकन म्हणून, तर १७२८मध्ये याजक म्हणून दीक्षा मिळाली. दरम्यान १७२६मध्ये लिंकन महाविद्यालयात फेलो म्हणून त्यांची निवड झाली. या काळात त्यांनी टॉमस अ केम्पिस, जेरेमी टेलर आणि विल्यम लॉ यांच्या ग्रंथांचे वाचन केले. मनुष्याने आपले संपूर्ण जीवन, वेळ आणि पैसा देवाला अर्पण करावा, हा विचार त्यांनी या ग्रंथांतून घेतला. तो त्यांनी पुढे कधीही सोडला नाही.

होली क्लब

१७२९मध्ये चार्ल्स वेस्ली व त्यांच्या काही मित्रांनी ऑक्सफर्डमध्ये एक छोटा गट सुरू केला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन ऑक्सफर्डला परतले आणि त्यांच्याकडे गटाचे नेतृत्व आले. सभासद एकत्र बायबलचे वाचन करीत, बुधवारी व शुक्रवारी उपवास करीत आणि वारंवार प्रभुभोजन घेत. विल्यम मॉर्गन या सभासदाच्या पुढाकाराने १७३०पासून ते ऑक्सफर्डच्या किल्ल्यातील कैद्यांना भेटू लागले. गरीब कुटुंबांना मदत करणे, त्यांच्या मुलांना शिकवणे आणि थोड्या रकमेसाठी तुरुंगात पडलेल्या कर्जदारांना सोडवणे ही कामेही त्यांनी हाती घेतली. इतर विद्यार्थी थट्टेने या गटाला होली क्लब म्हणत. त्यांच्या काटेकोर शिस्तीमुळे मेथडिस्ट हे नावही पडले आणि तेच पुढे चळवळीला मिळाले.

वेस्ली यांनी एका प्रवचनात त्या काळातील एका तरुणाचा हिशेब दिला आहे. त्याचे वार्षिक उत्पन्न ३० पौंड असताना तो २८ पौंडांत भागवी आणि २ पौंड दान करी. उत्पन्न ६०, ९० आणि १२० पौंड झाले, तरी त्याचा खर्च २८ पौंडच राहिला आणि दान अनुक्रमे ३२, ६२ व ९२ पौंडांवर गेले. हा तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच होते, असे सामान्यतः मानले जाते.

एवढे करूनही त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. आपण पुरेसे केले आहे का, हा प्रश्न प्रत्येक दिवसाच्या शेवटी कायम राहत असे. ते आपल्या दिनक्रमाच्या सूक्ष्म नोंदी ठेवीत. या नोंदींत आत्मपरीक्षणाबरोबर ही अस्वस्थताही दिसते.

जॉर्जियातील वास्तव्य

ऑक्टोबर १७३५मध्ये जॉन व चार्ल्स हे अमेरिकेतील जॉर्जिया या नव्या ब्रिटिश वसाहतीकडे जाण्यासाठी जहाजावर चढले. स्थानिक मूलनिवासींमध्ये धर्मप्रसार करण्याचा जॉन यांचा मानस होता. मात्र आपल्या आत्म्याचे तारण व्हावे हाच आपला मुख्य हेतू असल्याचे त्यांनी निघण्यापूर्वी एका पत्रात कळवले होते.

जानेवारी १७३६मध्ये जहाज भीषण वादळात सापडले. इंग्लिश प्रवासी भीतीने आक्रोश करीत असताना जहाजावरील जर्मन मोरेव्हियन पंथीयांनी आपले स्तोत्रगायन शांतपणे चालू ठेवले. त्यांच्या बायकामुलांनाही मरणाची भीती वाटली नाही, हे कळल्यावर वेस्ली अंतर्मुख झाले. त्या लोकांकडे असलेली निश्चिंतता आपल्याकडे नाही, हे त्यांना जाणवले. जॉर्जियात मोरेव्हियनांचे प्रमुख ऑगस्ट स्पॅन्गेनबर्ग यांनी त्यांना, तुम्ही ख्रिस्ताला ओळखता का, असे सरळ विचारले. वेस्ली यांनी होकार दिला, पण आपले उत्तर पोकळ होते असे त्यांनी नंतर नोंदवले.

सव्हाना येथील त्यांचे कार्य अयशस्वी ठरले. चर्चच्या नियमांबाबतचा त्यांचा आग्रह वसाहतवाल्यांना जाचक वाटला. सोफिया हॉप्की या तरुणीशी त्यांचे स्नेहसंबंध होते. तिने दुसऱ्याशी विवाह केल्यानंतर ऑगस्ट १७३७मध्ये वेस्ली यांनी तिला प्रभुभोजन नाकारले. तिच्या पतीने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबर १७३७मध्ये वेस्ली यांनी जॉर्जिया सोडले. परतीच्या प्रवासात त्यांनी लिहिलेल्या नोंदींत तीव्र निराशा आहे. दुसऱ्यांचे मतपरिवर्तन करण्यास गेलेल्या आपले स्वतःचेच परिवर्तन झालेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ऑल्डर्सगेटचा अनुभव

फेब्रुवारी १७३८मध्ये लंडनला परतल्यावर वेस्ली यांची भेट पीटर ब्योलर या तरुण मोरेव्हियन धर्मोपदेशकाशी झाली. खरा विश्वास ही देवाची देणगी आहे, ती क्षणात मिळू शकते आणि तिच्याबरोबर पापक्षमेची खात्री येते, असे ब्योलर यांचे मत होते. आपल्याकडे असा विश्वास नसल्याने उपदेश थांबवावा का, असे वेस्ली यांनी विचारले. विश्वास प्राप्त होईपर्यंत विश्वासाचाच उपदेश करीत राहावे, असा सल्ला ब्योलर यांनी दिला. त्यानुसार वेस्ली यांनी मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याला केवळ विश्वासाने तारण मिळते, असा उपदेश केला. ज्याच्यापाशी सत्कृत्ये करण्यास आयुष्यच उरलेले नाही, त्याच्यापुढे हा प्रश्न अगदी मूळ स्वरूपात उभा राहत होता.

२४ मे १७३८ रोजी संध्याकाळी ते लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका धार्मिक सभेला गेले. जाण्याची त्यांची इच्छा नव्हती. तेथे ल्यूथर यांनी रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेचे वाचन चालू होते. पावणेनऊच्या सुमारास विश्वासाने होणाऱ्या अंतःकरणाच्या परिवर्तनाचे वर्णन ऐकताना आपल्या हृदयात एक विलक्षण ऊब निर्माण झाली, आपण तारणासाठी केवळ ख्रिस्तावर भरवसा ठेवीत आहोत आणि आपल्या पापांची क्षमा झाली आहे, अशी त्यांची खात्री पटली. चार्ल्स यांना असाच अनुभव तीन दिवस आधी आला होता. जगभरातील मेथडिस्ट मंडळ्यांत २४ मे हा दिवस आजही पाळला जातो.

११ जून १७३८ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठापुढे दिलेल्या प्रवचनात वेस्ली यांनी विश्वासाने तारण हा विषय मांडला. त्याच वर्षी त्यांनी चर्च ऑफ इंग्लंडच्या अधिकृत प्रवचनसंग्रहातून तारण, विश्वास आणि सत्कृत्ये यांविषयीच्या भागाचा संक्षेप प्रसिद्ध केला. आपली शिकवण नवी नसून चर्चने विसरलेली स्वतःचीच शिकवण आहे, हे त्यांना दाखवायचे होते. तरीही अनेक चर्चचे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले. एप्रिल १७३९मध्ये व्हाइटफील्ड यांच्या आग्रहावरून त्यांनी ब्रिस्टल येथे उघड्यावर प्रवचन दिले. जवळच्या किंग्सवुड भागातील कोळसा खाणकामगार मोठ्या संख्येने त्यांना ऐकू लागले.

मोरेव्हियनांशी मतभेद

विश्वासाची शिकवण ज्यांच्याकडून मिळाली, त्यांच्याशीच वेस्ली यांचा पहिला मोठा वाद झाला. लंडनमधील फेटर लेन येथील मंडळीत १७३९च्या अखेरीस फिलिप मोल्थर या मोरेव्हियन उपदेशकाचा प्रभाव वाढला. ज्याला पूर्ण विश्वास लाभलेला नाही, त्याने प्रार्थना, बायबलवाचन, प्रभुभोजन आणि सत्कृत्ये यांपासून दूर राहून शांतपणे देवाची वाट पाहावी, असे ते शिकवीत. अन्यथा मनुष्य ख्रिस्ताऐवजी स्वतःच्या कर्मांवर भरवसा ठेवील, असे त्यांचे म्हणणे होते.

हा धोका वेस्ली यांनी स्वतः अनुभवला होता. तरीही त्यांनी हा निष्कर्ष नाकारला. प्रार्थना, प्रभुभोजन आणि दुर्बलांची सेवा ही कृपा विकत घेण्याची किंमत नाही, तर देवाने नेमून दिलेली कृपेची साधने आहेत. त्यामुळे वाट पाहायची ती या साधनांचा अवलंब करीतच, असे त्यांचे मत होते. समेटाचे प्रयत्न फसल्यावर २० जुलै १७४० रोजी त्यांनी सभेत आपले निवेदन वाचून दाखवले आणि थोड्या अनुयायांसह मंडळी सोडली. त्यानंतर लंडनमधील फाउंड्री ही तोफा ओतण्याच्या जुन्या कारखान्याची इमारत त्यांच्या चळवळीचे केंद्र बनली.

याच सुमारास पूर्वनियतीच्या प्रश्नावरून व्हाइटफील्ड यांच्याशीही मतभेद झाले. कोणाचे तारण व्हावे हे देवाने आधीच ठरवले आहे, हे कॅल्व्हिनवादी मत व्हाइटफील्ड यांना मान्य होते. देवाची कृपा सर्वांसाठी आहे आणि ती स्वीकारणे किंवा नाकारणे मनुष्याच्या हाती आहे, असे वेस्ली मानीत. यातून चळवळीचे दोन गट पडले. दोघांची मैत्री मात्र पुढे पुन्हा जुळली.

मेथडिस्ट मंडळ्या आणि त्यांचे नियम

१७४२मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे १२ जणांचे वर्ग पाडण्यात आले. प्रत्येक वर्गाच्या प्रमुखाने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी, असे ठरले. प्रमुख घरोघरी जाऊ लागल्यावर सभासदांच्या वागणुकीची माहितीही मिळू लागली आणि वर्गणीची ही व्यवस्था परस्परांच्या आध्यात्मिक देखरेखीची व्यवस्था बनली.

१७४३मध्ये प्रसिद्ध झालेल्या सामान्य नियमांत मंडळीतील प्रवेशासाठी एकच अट होती, ती म्हणजे पापापासून सुटका मिळवण्याची इच्छा. विश्वासाची खात्री किंवा विशिष्ट धर्ममत यांची अट नव्हती. मात्र ही इच्छा खरी असेल, तर ती तीन प्रकारे दिसली पाहिजे, असे नियम सांगत : कोणाचेही वाईट न करणे, शक्य तितके भले करणे आणि उपासनेच्या साधनांचा नियमित अवलंब करणे. मद्यपान, भांडणे, अवाजवी व्याज आणि जकात चुकवलेल्या मालाची खरेदी-विक्री निषिद्ध होती. भुकेल्यांना अन्न देणे, उघड्यांना वस्त्र देणे, आजारी व कैदी यांना भेटणे ही कर्तव्ये होती.

नियमांची अंमलबजावणी कडक होती. मार्च १७४३मध्ये न्यूकॅसल येथील मंडळीतून ६४ जणांना काढल्याची नोंद वेस्ली यांच्या रोजनिशीत आहे. त्यांपैकी १७ जण मद्यपानासाठी, एक जण पत्नीला मारहाण केल्याबद्दल, तर सर्वाधिक म्हणजे २९ जण बेफिकिरी व चंचलपणासाठी वगळले गेले.

गोरगरिबांसाठीचे कार्य

नोव्हेंबर १७४०मध्ये फाउंड्रीतील मंडळीने १२ अत्यंत गरीब सभासदांना कापूस पिंजण्याचे व सूत काढण्याचे काम दिले आणि हिवाळ्याचे चार महिने त्यांची सोय केली. १७४६मध्ये वेस्ली यांनी लंडनमध्ये मोफत औषधे देणारा दवाखाना सुरू केला. पहिल्या पाच महिन्यांत ५००हून अधिक लोकांना औषधे देण्यात आली. डॉक्टर परवडत नसलेल्या कुटुंबांसाठी त्यांनी १७४७मध्ये घरगुती उपचारांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

१७४६मध्येच सुरू झालेला कर्जनिधीही उल्लेखनीय आहे. प्रारंभी ३० पौंड १६ शिलिंग जमले. एका वेळी फक्त २० शिलिंग उसने देण्यात येत आणि ते तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्यांनी फेडावे लागत. अवघ्या दीड वर्षात या छोट्या रकमेच्या फेरवापरातून २५५ जणांना मदत झाली. फाउंड्रीजवळच्या दोन लहान घरांत गरीब विधवांसाठी निवारा होता. तेथे वेस्ली व इतर प्रवचनकार विधवांबरोबर त्याच मेजावर बसून तेच अन्न खात.

मदत पाठवून देणे आणि स्वतः जाऊन भेटणे यांत वेस्ली स्पष्ट फरक करीत. श्रीमंतांना गरिबांविषयी सहानुभूती वाटत नाही, कारण ते त्यांच्या घरी कधी जातच नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. आजाऱ्याची भेट ही प्रार्थनेइतकीच कृपेचे साधन आहे, कारण तिने भेटणाऱ्याचेही अंतःकरण बदलते, असे ते सांगत. पैशासंबंधी त्यांचा उपदेश तीन भागांत होता : प्रामाणिकपणे जास्तीत जास्त मिळवावे, जास्तीत जास्त वाचवावे आणि जास्तीत जास्त द्यावे. १७७६मध्ये करअधिकाऱ्यांनी त्यांच्याकडील चांदीच्या भांड्यांची माहिती मागितली. लंडनमध्ये दोन आणि ब्रिस्टलमध्ये दोन चांदीचे चमचे आहेत आणि भोवतालचे लोक भाकरीला मोताद असताना आपण आणखी घेणार नाही, असे त्यांनी कळवले.

शिकवण

पौल आणि याकोब यांच्यातील विरोध वेस्ली खरा मानीत नसत. १७४४मध्ये भरलेल्या पहिल्या मेथडिस्ट परिषदेत आणि नव्या करारावरील १७५५च्या टीकाग्रंथात त्यांनी त्याचा उलगडा केला. त्यांच्या मते पौल ज्या घटनेविषयी बोलतो ती अब्राहामाच्या आयुष्यात इसहाकाच्या जन्माच्या वीसहून अधिक वर्षे आधीची आहे, तर याकोब इसहाकाच्या अर्पणाच्या प्रसंगाविषयी बोलतो. पौल विश्वासापूर्वीच्या कर्मांना नाकारतो, याकोब विश्वासातून उपजणाऱ्या कृतींचा आग्रह धरतो. त्यामुळे दोघांचे विषयच भिन्न आहेत.

१७६५मध्ये प्रसिद्ध झालेल्या तारणमार्गावरील प्रवचनात त्यांनी आपले मत अधिक नेमके केले. नीतिमान ठरण्यासाठी विश्वास प्रत्यक्ष आवश्यक आहे. पश्चात्ताप आणि त्याला साजेशी कृत्येही आवश्यक आहेत, परंतु वेळ व संधी असेल तरच. ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या चोराला अशी संधी नव्हती, तरी त्याचे तारण झाले. ज्याला संधी आहे आणि जो ती टाळतो, त्याचा विश्वास मात्र टिकत नाही.

नीतिमान ठरणे हा वेस्ली यांच्या दृष्टीने तारणाचा शेवट नसून आरंभ होता. त्यानंतर मनुष्याने पावित्र्यात वाढत जावे आणि त्याचे अंतःकरण देव व शेजारी यांच्यावरील प्रेमाने पूर्ण भरून जावे, यास ते ख्रिस्ती परिपूर्णता म्हणत. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर आधारित उत्तरायुष्यातील एका प्रवचनात त्यांनी कृपा व कर्म यांची सांगड घातली. देव मनुष्यात कार्य करतो म्हणूनच मनुष्य कार्य करू शकतो, आणि त्याच कारणाने त्याने कार्य केलेच पाहिजे, असा या प्रवचनाचा आशय आहे.

१७७०चा वाद

विश्वासाने तारण मिळाले असल्याने नैतिक नियम आपल्यावर बंधनकारक नाहीत, असे मानणारे काही गट पुनरुज्जीवनाच्या चळवळीतच निर्माण झाले होते. त्यांना आळा घालण्यासाठी ऑगस्ट १७७०च्या लंडन परिषदेत वेस्ली यांनी काही कलमे मांडली. आपण कॅल्व्हिनवादाकडे जास्त झुकलो आहोत, अशी त्यांची सुरुवात होती. तारण कर्मांच्या पुण्याईने मिळत नसले तरी कर्मे ही त्याची अट आहे, असे त्यांत म्हटले होते.

या शब्दयोजनेने कॅल्व्हिनवादी मेथडिस्टांत खळबळ उडाली. त्यांच्या आश्रयदात्या हंटिंग्डनच्या काउंटेस सेलिना यांना ही कलमे म्हणजे धर्मसुधारणेशी द्रोह वाटला. वेल्समधील ट्रेवेका येथील त्यांच्या महाविद्यालयातून वेस्ली यांचे समर्थक जोसेफ बेन्सन यांना दूर करण्यात आले आणि जॉन फ्लेचर यांनी अध्यक्षपद सोडले. ऑगस्ट १७७१मध्ये ब्रिस्टलच्या परिषदेत वेस्ली आणि ५३ प्रवचनकारांनी एका निवेदनावर सह्या केल्या. आपला भरवसा केवळ ख्रिस्तावर आहे आणि कर्मांना पुण्याई नाही, हे त्यांनी मान्य केले. मात्र वेळ व संधी असून सत्कृत्ये न करणारा खरा विश्वासी नव्हे, हेही नमूद केले. तरीही फ्लेचर यांनी वेस्ली यांच्या समर्थनार्थ लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वाद पुन्हा पेटला. विरोधी बाजूने ऑगस्टस टॉपलेडी, रिचर्ड हिल आणि रोलंड हिल यांनी लेखन केले. दोन्ही बाजूंची भाषा अनेकदा कटू होती. १७७८मध्ये वेस्ली यांनी आपली बाजू मांडण्यासाठी आर्मिनियन मॅगझिन हे मासिक सुरू केले.

उत्तरायुष्य

वेस्ली यांनी १७५१मध्ये मेरी व्हॅझील या विधवेशी विवाह केला. सततचा प्रवास आणि परस्परांविषयीचा अविश्वास यांमुळे हा विवाह सुखाचा झाला नाही. ऑल्डर्सगेटनंतरही त्यांना शंकांनी पूर्णपणे सोडले नव्हते. जून १७६६मध्ये चार्ल्स यांना लिहिलेल्या खासगी पत्रात, आपण देवावर खऱ्या अर्थाने कधी प्रेमच केले नाही, असे त्यांनी कबूल केले. त्याच पत्रात, उपदेशाच्या कार्यातील आपला उत्साह मात्र कमी झालेला नाही, असेही ते सांगतात.

वयोमानानुसार तरुणपणाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी सौम्य झाली. रोजनिशीच्या १७७४च्या आवृत्तीत त्यांनी जॉर्जियाच्या काळातील नोंदींना तळटिपा जोडल्या. त्या वेळी आपल्याकडे विश्वास नव्हताच असे नाही. पुत्राचा नसला तरी सेवकाचा विश्वास होता, असे त्यांनी लिहिले. भीतीपोटी देवाची आज्ञा पाळणाराही देवाला मान्य असतो, फक्त त्याने तेथेच थांबू नये, असे मत त्यांनी १७८८च्या एका प्रवचनात मांडले.

१७७४मध्ये त्यांनी गुलामगिरीचा निषेध करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. फेब्रुवारी १७९१मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स यांना प्रोत्साहनाचे पत्र लिहिले. जानेवारी १७८५मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, गरिबांना कपडे मिळावेत म्हणून ते पाच दिवस लंडनच्या रस्त्यांवरून पायी हिंडले आणि २०० पौंड गोळा केले. रस्त्यांवर घोट्यापर्यंत वितळता बर्फ होता. दिवसभर पाय भिजल्यामुळे अखेर ते आजारी पडले.

चळवळीच्या यशाचीच त्यांना चिंता वाटे. धर्मामुळे माणसे कष्टाळू व काटकसरी होतात, त्यातून संपत्ती वाढते आणि संपत्तीबरोबर गर्व येऊन धर्म क्षीण होतो, असे त्यांनी १७८६मध्ये लिहिले. यावर भरपूर दान हाच एक उपाय त्यांना दिसत होता. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी पुढे प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांवरील आपल्या ग्रंथात या विचाराची दखल घेतली.

२ मार्च १७९१ रोजी लंडनच्या सिटी रोडवरील निवासस्थानी वेस्ली यांचे निधन झाले. आपली शवपेटी सहा गरीब माणसांनी वाहावी आणि त्यांना प्रत्येकी २० शिलिंग द्यावेत, अशी त्यांच्या मृत्युपत्रात सूचना होती.

मूल्यमापन आणि वारसा

वेस्ली यांनी आयुष्यात सुमारे ४०,००० प्रवचने दिली आणि सुमारे अडीच लाख मैलांचा प्रवास, बहुतांशी घोड्यावरून, केला असा अंदाज आहे. मृत्युसमयी ब्रिटनमधील मेथडिस्ट सभासदांची संख्या ७० हजारांच्या आसपास होती. फ्रेंच इतिहासकार एली अलेव्ही यांच्या मते मेथडिस्ट चळवळीने इंग्लंडला क्रांतीपासून दूर ठेवले. इ. पी. टॉम्प्सन यांनी १९६३च्या ग्रंथात, या चळवळीने कामगारांना कारखान्याच्या शिस्तीला नमवण्यास हातभार लावला, अशी टीका केली. वेस्ली यांनी अमेरिकन वसाहतींच्या बंडाला विरोध केला होता. त्यांच्या शाळेतील शिस्त मुलांसाठी अतिशय कठोर होती. या बाबींवरही अभ्यासकांनी बोट ठेवले आहे.

वेस्ली यांचे सहकारी टॉमस कोक १८१४मध्ये धर्मप्रसारासाठी श्रीलंकेकडे येत असताना वाटेतच मरण पावले. मुंबईत अमेरिकन प्रचारक विल्यम टेलर यांच्या १८७१पासूनच्या सभांतून मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. वेतन नाकारून मुंबईत साधेपणाने राहणारे जॉर्ज बोवेन हेही पुढे मेथडिस्ट झाले.

१९९९मध्ये रोमन कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्र स्वीकारले. तारण केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने मिळते आणि सत्कृत्ये ही त्याची फळे आहेत, यावर दोन्ही बाजूंची मूलभूत सहमती त्यात नोंदवली आहे. २००६मध्ये सोल येथे जागतिक मेथडिस्ट परिषदेने या घोषणापत्राला संमती दिली. त्या वेळी जोडलेल्या निवेदनात मेथडिस्टांनी नीतिमान ठरणे आणि पवित्रीकरण यांचा अतूट संबंध अधोरेखित केला. वेस्ली यांनी पन्नासहून अधिक वर्षे मांडलेली भूमिका हीच होती.